पाचशे चौरस फुटांचा मध्यमवर्ग

मुंबई महापालिकेचे मालमत्ता कराचे देयक वरून खाली नीट वाचले, तर तो एक कर नसून दहा करांचा जमाव आहे हे लक्षात येते. सर्वसाधारण कर, जल कर, जललाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, महापालिका शिक्षण उपकर, राज्य शिक्षण उपकर, रोजगार हमी उपकर, वृक्ष उपकर आणि पथकर. सोसायटीत राहणाऱ्यांच्या नजरेला हा कागद सहसा पडतच नाही. देयक सोसायटीच्या नावाने येते, त्याची फोड करून रक्कम मेंटेनन्सच्या बिलात टाकली जाते आणि सभासद तळाचा आकडा तेवढा पाहतो. शहरी मध्यमवर्गाला घराच्या खर्चात दिलासा देण्याविषयी महाराष्ट्राच्या राजकारणात गेल्या दहा वर्षांत जेवढे बोलले गेले, त्यातले बरेचसे बोलणे या दहा ओळींभोवती फिरले.

२०१७च्या महापालिका निवडणुकीत शिवसेनेने वचन दिले होते, की पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर पूर्ण माफ होईल आणि पाचशे ते सातशे फुटांच्या घरांना साठ टक्के सवलत मिळेल. निवडणूक झाली, महापालिकेत ठरावही झाला. पण महापालिकेच्या ठरावाने हा कर जात नाही. तो १८८८च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाखाली लावला जातो आणि त्यात बदल करायचा तर विधिमंडळाकडे जावे लागते. शिक्षण आणि रोजगार हमीचे उपकर तर मुळात राज्याचे. महापालिका ते फक्त गोळा करते, त्यांचा कायदा १९६२चा आणि वेगळा.

मार्च २०१९मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, राज्य सरकारने माफी दिली ती दहांपैकी पहिल्या ओळीला, म्हणजे सर्वसाधारण कराला. उरलेल्या नऊ ओळी होत्या तशाच राहिल्या. ‘करमाफी’ या शब्दावर विसंबलेल्या घरांना पुढे देयके आली, तेव्हा माफी कुठे गेली असा प्रश्न पडणे साहजिक होते. १ जानेवारी २०२२ रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी संपूर्ण माफी जाहीर केली. त्याच महिन्यात मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली आणि अंमल १ जानेवारीपासूनच धरला.

तेव्हा सांगितले गेलेले आकडे असे: सुमारे १६ लाख घरे, महापालिका आणि राज्य मिळून वर्षाला ४६२ कोटी रुपयांचा महसूल. भागाकार केला तर एका घरामागे वर्षाला २,९०० रुपयांच्या आत, महिन्याला साधारण २४० रुपये येतात. ज्या घरात निवृत्तिवेतनावर दोन माणसे राहतात तिथे ही रक्कम छोटी नाही. तरी पाच वर्षे ज्या दिलाशावर सभा, ठराव, अध्यादेश आणि मंत्रिमंडळाच्या बैठका झाल्या, त्याचे माप एवढे आहे.

पट्टी कोणती लावायची?

या माफीचा कायदेशीर निकष आहे ४६.४५ चौरस मीटर, म्हणजेच पाचशे चौरस फूट चटई क्षेत्र. लोकांच्या भाषेत ‘कार्पेट’. घरमालकाचे उत्पन्न किती, घरात माणसे किती, मालक स्वतः राहतो की घर भाड्याने दिले आहे, यातले काहीही त्या निकषात येत नाही. त्यामुळे मलबार हिलवर गुंतवणूक म्हणून घेतलेल्या ४९० फुटांच्या घराला कर शून्य आणि मानखुर्दमध्ये तीन पिढ्या एकत्र राहत असलेल्या ५२० फुटांच्या घराला पूर्ण, असे होऊ शकते. पाचशे ते सातशे फुटांच्या मधल्या पायरीचे साठ टक्क्यांचे आश्वासन कायद्यात उतरले नाही, म्हणून पाचशेची रेघ ओलांडली की थेट पूर्ण देयक.

मग हाच निकष का? प्रशासनाच्या बाजूने कारण सरळ आहे. घराचे क्षेत्रफळ महापालिकेच्या दफ्तरी नोंदलेले असते. २०१०पासून मुंबईत कर भांडवली मूल्यावर आकारला जातो आणि त्या हिशेबात क्षेत्रफळ हा मूळ घटक आहे. उत्पन्न मात्र महापालिकेला ठाऊक नसते. ते विचारायचे तर दाखले, अर्ज आणि छाननी आली, आणि त्यासाठी माणसे लागणार. चौरस फुटाला दाखला लागत नाही.

दुसरे कारण राजकीय आहे. पाचशे फुटांत राहणारा माणूस त्या प्रभागाचा मतदार असतो. ज्याला त्या प्रभागात घर घ्यायचे होते पण परवडले नाही, तो विरारला, बदलापूरला किंवा पनवेलच्या पुढे गेलेला असतो आणि त्याचे मत तिकडच्या यादीत असते. दादरच्या घराची किंमत त्याच्या आवाक्याबाहेर गेली, ही तक्रार दादरच्या आमदाराकडे घेऊन जायला त्याच्यापाशी दादरचे मत नाही.

मार्च २०२२: एका अधिवेशनातली घरे

विधान भवनात एखादे विधेयक संमत होताना पाहिले, तर चर्चा कुठे आहे असा प्रश्न पडतो. मंत्री विधेयक मांडतात. खंड वाचले जातात. अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावे, असे अध्यक्ष सांगतात. होयचे बहुमत जाहीर होते आणि काही मिनिटांत पुढचे विधेयक येते. घरांचा प्रश्न खऱ्या अर्थाने रंगतो तो तारांकित प्रश्नांत, लक्षवेधी सूचनांत, नियम २९३ खालच्या चर्चेत आणि अर्थसंकल्पी मागण्यांवर. तिथे आमदार मतदारसंघातली इमारत, रखडलेला पुनर्विकास, बंद पडलेले ट्रान्झिटचे भाडे नावानिशी सांगतात आणि मंत्र्याला सभागृहात शब्द द्यावा लागतो. हा शब्द नोंदला जातो. आश्वासन समिती पुढे त्याचा पाठपुरावा करू शकते.

२०२२चे अर्थसंकल्पी अधिवेशन या दृष्टीने पाहण्यासारखे होते. विधान परिषदेत नाशिकचा विषय आला. दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांत चार हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावर प्रकल्प उभारणाऱ्या विकासकाने वीस टक्के घरे वा भूखंड दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी राखून राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणामार्फत, म्हणजे म्हाडामार्फत, द्यावेत, असा २०१३पासूनचा नियम आहे. नाशिकमध्ये ही घरे म्हाडाच्या यादीत येतच नाहीत, असा आरोप झाला. गृहनिर्माणमंत्री जितेंद्र आव्हाड यांनी परिषदेत माहिती दिली आणि चर्चेचे पर्यवसान महापालिका आयुक्तांच्या बदलीत झाले. नियम कागदावर वर्षानुवर्षे असतो. तो पाळला जातो का, हे विचारणारी जागा कधी कधी वरिष्ठ सभागृहातली एक सूचना असते.

त्याच महिन्यात, २४ मार्चला, विधानसभेत मुख्यमंत्र्यांनी आणखी एक घोषणा केली. मुंबईबाहेरच्या आमदारांसाठी मुंबईत तीनशे घरे बांधली जातील. ही बातमी बाहेर पोचली तेव्हा समाजमाध्यमांवर संतापाची लाट आली. घरे मोफत नाहीत, जमीन आणि बांधकामाचा खर्च धरून आमदारांना अंदाजे सत्तर लाख मोजावे लागतील, असा खुलासा आव्हाडांना करावा लागला. मनसेचे आमदार राजू पाटील यांच्यासारख्या काहींनी उघड विरोध केला.

हा खुलासाच जास्त बोलका होता. मुंबईत सत्तर लाखांत चांगले घर मिळणे ही सवलत आहे, हे सरकारने त्यातून मान्य केले. ज्यांना ही सवलत नाही त्यांना ते ऐकून राग येणार, हे सांगायला कुणी अर्थशास्त्रज्ञ नको होता.

पुण्याचे चाळीस टक्के

पुण्यात सवलतीचा निकष वेगळा आणि जुना. १९७०मध्ये महापालिकेने ठराव केला, की मालक स्वतः राहत असलेल्या घराच्या करपात्र मूल्यात चाळीस टक्के सूट द्यायची. जवळजवळ पन्नास वर्षे ती मिळत राहिली. घर घेतले की सूट आपोआप लागू, इतकी ती अंगवळणी पडली. मग लेखापरीक्षणाने विचारले, या सुटीला कायद्यात आधार कुठे आहे? राज्य सरकारने ठराव रद्द केला. एप्रिल २०१९नंतर नोंदलेल्या नव्या घरांना सूट मिळेना, आणि जुन्यांपैकीही अनेकांना फरकाच्या रकमेची देयके आली.

फेब्रुवारी २०२३मध्ये कसबा पेठेची पोटनिवडणूक लागली. पेठांतल्या वाड्यांपासून उपनगरातल्या सोसायट्यांपर्यंत सगळ्यांना समजणारा मुद्दा हा एकच होता. काँग्रेसचे रवींद्र धंगेकर निवडून आले. त्यानंतरच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात विषय तापला आणि एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने चाळीस टक्के सूट परत दिली. तीन-चार वर्षे फाइलीत अडकलेला प्रश्न एका पोटनिवडणुकीनंतर दोन महिन्यांत सुटला.

सूट परत आली, पण आता तिला अर्ज चिकटला. ‘पीटी-३’ नावाचा नमुना भरा, सोसायटीचे पत्र जोडा, आपण याच घरात राहतो याचा पुरावा द्या. क्षेत्रीय कार्यालयांत रांगा लागल्या. पुण्याचा निकष मुंबईपेक्षा न्याय्य वाटतो, कारण तो राहणाऱ्याला पाहतो, भिंतींच्या मापाला पाहत नाही. पण त्याचीही एक दुसरी बाजू आहे. घर भाड्याने दिले की सूट जाते, मालक तो फरक भाड्यात धरतो, आणि शेवटी तो भरतो भाडेकरू. नोकरीसाठी पुण्यात आलेला, घर घेऊ न शकलेला माणूस घर असलेल्या शेजाऱ्यापेक्षा जास्त कराचा भार उचलतो.

१ सप्टेंबर १९४०

भाडेकरूला दिलासा देणारा कायदा महाराष्ट्राकडे नाही असे मुळीच नाही. देशातल्या सर्वांत दीर्घायुषी भाडे कायद्यांपैकी एक इथलाच. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत घरटंचाई झाली आणि भाडी रोखली गेली. त्यातून १९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच ‘प्रमाण भाडे’ ठरले. कायदा तात्पुरता होता. मुदत संपत आली की विधिमंडळ ती वाढवत असे, आणि असे पन्नास वर्षे चालले.

गिरगाव, लालबाग, दादरच्या चाळींतला मध्यमवर्ग या कायद्याच्या सावलीत टिकला. कारकून, शिक्षक, गिरणीतले जॉबर यांची मुले तिथेच शिकली, कारण पगाराचा मोठा हिस्सा भाड्यात जात नव्हता. पण गोठलेल्या भाड्यात मालक दुरुस्ती करेना. १९६९मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा आला, जुन्या इमारतींवर उपकर बसला आणि ‘उपकरप्राप्त इमारत’ हा मुंबईचा खास प्रकार जन्माला आला. अशा इमारती मुळात १९,६४२ होत्या. त्यांतल्या हजारो आजही उभ्या आहेत. दुसरीकडे, भाड्याने द्यायला कुणी नवी इमारत बांधेना. नंतरच्या मध्यमवर्गापुढे मालकीची सदनिका हा एकच रस्ता उरला.

डिसेंबर १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितले, की प्रमाण भाडे चाळीसच्या दशकात गोठवून ठेवणे काळाच्या ओघात अवाजवी झाले आहे. कायद्याची मुदत मार्च १९९८मध्ये संपणारच होती, म्हणून न्यायालयाने तो तिथल्या तिथे रद्द केला नाही. नवा कायदा करण्याची जबाबदारी विधिमंडळावर पडली. १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम ३१ मार्च २०००पासून लागू झाला. त्यात भाड्याची वर्षाला चार टक्के वाढ आली. बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी वा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या संरक्षणातून बाहेर गेल्या. पागडी घेणे तोवर गुन्हा होता, ते कायदेशीर झाले. संरक्षण काढायची हिंमत मात्र कुठल्याच पक्षाला झाली नाही. मोठ्या क्षेत्रफळाच्या जागा कायद्यातून वगळण्याचा प्रस्ताव २०१५-१६च्या सुमारास पुढे आला. दक्षिण मुंबईत ओरड होताच तो मागे पडला. तिथेही मोजमाप चौरस फुटांचेच होते.

या कायद्याने वाचवले ते आधीपासून आत असलेल्यांना. १९४०च्या भाड्याची पावती ज्याच्या आजोबांच्या नावे होती तो आत, आणि काल शहरात आलेला बाहेर.

दोन टक्क्यांचा डिसेंबर

करोनाच्या टाळेबंदीत घरांचे व्यवहार थंडावले, तेव्हा सरकारने तिसरी पट्टी काढली, किमतीची. ऑगस्ट २०२०मध्ये निर्णय झाला आणि १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर मुद्रांक शुल्कात तीन टक्के, पुढे मार्च २०२१पर्यंत दोन टक्के सूट मिळाली. मुंबईत पाचाचे दोन झाले. दुय्यम निबंधक कार्यालयांत डिसेंबरात टोकन मिळवणे हेच काम झाले. नवरा एका रांगेत, बायको दुसऱ्या रांगेत, वकिलाचा माणूस बाहेर कागदांचे गठ्ठे घेऊन उभा, आत सर्व्हर बंद. त्या एका महिन्यात मुंबईत एकोणीस हजारांवर दस्त नोंदले गेले.

योजना म्हणून ती यशस्वी ठरली. दिलासा म्हणून हिशेब करू. पन्नास लाखांच्या घराला दीड लाख वाचले, दहा कोटींच्या घराला तीस लाख. घर जितके महाग तितकी सूट मोठी, आणि ज्याला कोणतेच घर परवडत नाही त्याला काहीच नाही. मार्च २०२१च्या अर्थसंकल्पात महिलांच्या नावे घर घेतल्यास एक टक्का सूट आली. २०२२मध्ये मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत एक टक्का मेट्रो उपकर सुरू झाला. एका हाताने दिलेला टक्का दुसऱ्या हाताने परत गेला.

उत्पन्न विचारणारे एकच दार

वांद्रे पूर्वेला कलानगरजवळ म्हाडाचे मुख्यालय आहे आणि त्याच भागात एमआयजी कॉलनी. मध्यम उत्पन्न गट हे नाव अंगावर घेऊन उभी राहिलेली ही वसाहत सांगते, की एके काळी सरकार या वर्गासाठी शहराच्या मध्यावर घरे बांधत होते. आज तिथल्या पुनर्विकसित इमारतींतली घरे कोट्यवधींना विकली जातात.

सवलतीआधी उत्पन्न विचारणारे दार राज्यात मुख्यतः म्हाडाचेच. मे २०२२पासून मुंबई महानगर प्रदेशात वार्षिक सहा लाखांपर्यंत अत्यल्प, नऊ लाखांपर्यंत अल्प, बारा लाखांपर्यंत मध्यम आणि त्यावर उच्च, असे गट आहेत. २०२३च्या मुंबई सोडतीत ४,०८२ घरे आणि सुमारे एक लाख वीस हजार अर्ज. २०२४मध्ये २,०३० घरे आणि एक लाख तेरा हजारांवर अर्ज. आधी तीस अर्जांमागे एक घर होते, वर्षभरात ते सुमारे छप्पन्नांमागे एक झाले.

लॉटरी लागली की अडचण संपते असे नाही. मध्यम गटाची मर्यादा बारा लाख, म्हणजे महिन्याला एक लाख, तेही करापूर्वी. समजा घर सव्वा कोटीचे आहे आणि त्यासाठी एक कोटी कर्ज हवे आहे. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांचा हप्ता साधारण ८७ हजार येतो. बँक हे कर्ज देत नाही. मर्यादेच्या आत राहील इतका कमी पगार आणि हप्ता झेपेल इतका जास्त पगार, हे दोन्ही एकाच माणसाकडे असायला हवे. २०२३च्या सोडतीत ताडदेवच्या एका घराची किंमत साडेसात कोटींवर होती. ऑगस्ट २०२४मध्ये खासगी विकासकांकडून मिळालेल्या ३७० घरांच्या किमती टीकेनंतर गटानुसार दहा ते पंचवीस टक्के उतरवाव्या लागल्या.

केंद्राच्या योजनांत हीच गत किमतीच्या अटीने होते. २०२४च्या प्रधानमंत्री आवास योजनेत नऊ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना व्याजात जास्तीत जास्त एक लाख ऐंशी हजारांचे साहाय्य आहे. अट अशी, की घर पस्तीस लाखांपेक्षा महाग नसावे. अंधेरीत किंवा कोथरूडमध्ये त्या रकमेत घर शोधणाऱ्याला दलाल कसारा किंवा शिरूरची वाट दाखवतो.

अकरा महिने

या साऱ्या मापांत न बसणारा माणूस दर अकरा महिन्यांनी नव्या करारावर सही करतो. ‘लीव्ह अँड लायसन्स’ म्हणजे तो कायद्याच्या भाषेत भाडेकरूसुद्धा नाही, परवानाधारक आहे. १९९९च्या कायद्याचे प्रमाण भाडे त्याला लागू नाही. मुदत संपल्यावर त्याला बाहेर काढण्याची जलद तरतूद मात्र त्याच कायद्याच्या कलम २४मध्ये आहे. महिन्याचे भाडे दलालाला, काही महिन्यांचे भाडे अनामत, आणि दरवर्षी पाच-दहा टक्के वाढ. घरमालकाला मालमत्ता कर माफ झाला, तर त्यातला रुपयाही त्याच्या भाड्यातून कमी करण्याचे बंधन कुठे नाही.

केंद्राने जून २०२१मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा राज्यांकडे धाडला. निवासी घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापलीकडे नको, असे त्यात आहे. तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांच्या हाती. मे २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. २०३०पर्यंत दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ३५ लाख घरे हे त्याचे मोठे लक्ष्य, आणि नोकरदार महिला, विद्यार्थी, कामगार यांच्यासाठी भाड्याच्या घरांचाही त्यात विचार आहे. पण धोरणाला कायद्याचा जोर नसतो. अनामतीवर मर्यादा घालायची असेल तर विधेयक आणावे लागेल.

त्या विधेयकासाठी लागणारी माहिती सरकारकडे आधीच आहे. १९९९च्या कायद्याच्या कलम ५५नुसार असा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. त्यामुळे कुठल्या उपनगरात किती फुटांचे घर, किती भाड्याला, किती अनामतीवर आणि किती मुदतीसाठी दिले गेले, हे पुण्यातल्या नोंदणी महानिरीक्षक कार्यालयाच्या संगणकात जमा होत असते. विधानसभेच्या कोणत्याही सदस्याला एका तारांकित प्रश्नात ते मागता येते: गेल्या पाच वर्षांत कांदिवली, मुलुंड, हडपसर आणि वाकडमध्ये किती करार नोंदले गेले, भाडे किती टक्क्यांनी वाढले आणि दोन महिन्यांपेक्षा जास्त अनामत घेतलेले करार किती.